सातासमुद्रापारची मंडई

१ मे २०१४ रोजी इकडे महाराष्ट्र दिन साजरा होत होता आणि तिकडे युरोपीय संघाचा एक निर्णय अमलात आला. भारतीय आंब्याला आणि त्याच्या जोडीने चार भाज्यांना युरोपात बंदी! दुसऱ्याच दिवशी अक्षय्य तृतीया होती, त्यामुळे वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून जी ओरड झाली ती सगळी हापूसची. भाज्यांसाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. त्या चार भाज्या म्हणजे वांगं, अळू, कारलं आणि पडवळ.

ही यादी जरा निरखून पाहावी. वांगं सोडलं तर यातली एकही भाजी गोऱ्या माणसाच्या ताटात सहसा जात नाही. बंदीच्या कागदावर सही करणाऱ्या ब्रसेल्सच्या अधिकाऱ्याने पडवळ कधी डोळ्यांनी पाहिलं असेल की नाही, शंकाच आहे. मग इतकी वर्षं ही पडवळं विमानाने कोणासाठी जात होती? साउथॉलच्या, वेम्बलीतल्या ईलिंग रोडच्या, लेस्टरमधल्या बेलग्रेव्ह रोडच्या वाणसामानाच्या दुकानांसाठी. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतीय वंशाचे साडेअठरा लाखांहून जास्त लोक नोंदले गेले. पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन वेगळेच. एवढ्या लोकांचा रोजचा स्वयंपाक म्हणजे एक भरभक्कम मंडई आहे, आणि त्या मंडईच्या दोन्ही टोकांना माणसं पोट भरतात. एका टोकाला लंडन, दुबई, न्यू जर्सीतला दुकानदार आणि खाणावळवाला. दुसऱ्या टोकाला बारामती, इंदापूर, फलटणकडचा शेतकरी.

बंदीचं कारण साधंच होतं. २०१३ या एका वर्षात भारतातून आलेल्या २०७ खेपांमध्ये फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. या किडी युरोपातल्या टोमॅटो-काकडीच्या हरितगृहांत शिरल्या तर काय, ही त्यांची भीती. आंब्याने जानेवारी २०१५मध्ये ही अडचण सोडवली. ४८ अंश तापमानाच्या पाण्यात फळ तासभर बुडवून काढायचं, की आतली अंडी-अळ्या मरतात आणि फळाला धक्का लागत नाही. कारल्याला असं गरम पाण्याने न्हाऊ घालता येत नाही. भाज्यांना आणखी बराच काळ थांबावं लागलं.

परदेशात गेलेल्या आपल्याच माणसांची सोय बघून पोट भरणं हा धंदा तसा जुना. मराठी माणसाला तो जमत नाही, असं मराठी माणसंच मोठ्या हौसेने सांगतात. गुजराती दुकान टाकतो, पंजाबी ढाबा टाकतो, मलयाळी नर्स होते आणि मराठी माणूस मंडळ काढतो, असा तो विनोद आहे. विनोदात तथ्यही आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं. पण या विनोदात न बसणारी माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पहिलं नाव राधाबाई वनारसे यांचं. विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या, अक्षरओळख नसलेल्या राधाबाई दुसऱ्या लग्नाने थेट लंडनला जाऊन पोचल्या. इंग्रजीचा गंध नाही. पती वारले, पदरात मुली, आणि परतण्यासारखं मागे काही नाही. जवळ होती ती एकच विद्या: स्वयंपाक. दुसऱ्या महायुद्धानंतरची ती वर्षं. ब्रिटनमध्ये शिधावाटप १९५४पर्यंत चाललं. साखर, लोणी, मांस मोजूनमापून मिळे, आणि हळद-हिंग मिळवणं म्हणजे शोधमोहीमच. अशा शहरात बॅरिस्टरी आणि डॉक्टरी शिकायला आलेली मराठी मुलं उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढत होती. राधाबाईंनी त्यांना वरण-भात-भाजी-पोळी द्यायला सुरुवात केली. आधी जेवण, मग राहायला खोली. खाणावळीच्या शिलकीतून त्यांनी घर घेतलं, मग आणखी घरं घेतली. लंडनला गेलेला मराठी नट असो, लेखक असो की पुढारी, आजीबाईंकडे जेवल्याशिवाय परत येईना. सरोजिनी वैद्य यांनी ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ हे पुस्तक लिहून ती हकिकत महाराष्ट्राला सांगितली. पुढे त्यावर नाटकही आलं.

या हकिकतीकडे आपण फार हळवेपणाने बघतो. निरक्षर बाई, परका देश, जिद्द वगैरे. ते सगळं खरंच आहे, पण त्यात धंद्याची नजर झाकली जाते. राधाबाईंचं गिऱ्हाईक दर सहा महिन्यांनी बोटीवरून आपोआप उतरत होतं. त्याला जाहिरात लागत नव्हती, पत्ता तोंडोतोंडी जाई. त्याला जेवण आणि खोली दोन्ही एकाच वेळी हवं असे. आणि ते गिऱ्हाईक दोन-चार वर्षांनी पदवी घेऊन निघून जाई, म्हणजे जागा पुन्हा रिकामी. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाची शिल्लक न हलणाऱ्या घरात गुंतवणं हा हिशेब शाळेत न गेलेल्या बाईने मांडला. शिकून बॅरिस्टर होणाऱ्या किती जणांना तो मांडता आला असता?

दुसरं नाव दुबईचं. भारतीय हवाई दलातून निवृत्त झालेले महादेव दातार दुबईला गेले आणि १९८४मध्ये त्यांनी तिथे एक छोटं किराणा दुकान टाकलं. मुलगा धनंजय त्यांच्या हाताखाली आला. हा मुलगा लहानपणी अमरावतीकडच्या खेड्यात आजीजवळ गरिबीत वाढलेला, मुंबईत दारोदार फिनेल विकलेला. दुबईत सुरुवातीच्या काळात धंदा बसला, तेव्हा आईचे दागिने विकून दुकान सावरल्याचं ते स्वतः सांगत आले आहेत. आज ‘अल अदील’ ही अमिरातींमधली मोठी दुकानसाखळी आहे आणि धनंजय दातारांना तिकडे ‘मसाला किंग’ म्हणतात.

त्यांच्या दुकानात मसाले, डाळी आणि पिठं आहेत, लोणची-पापड आहेत, उपवासाचं सामान आहे. अमिरातींमध्ये भारतीयांची संख्या पस्तीस लाखांच्या पुढे गेलेली, म्हणजे तिथल्या एकूण वस्तीत दर तीन माणसांमागे एक भारतीय. पण ‘भारतीय’ म्हणून दुकान मांडलं तर फसायला होतं. तांदूळच घ्या. मलयाळी माणसाला लाल जाडा मट्टा तांदूळ हवा, आंध्रवाल्याला सोना मसुरी, पंजाब्याला बासमती आणि कोकणातल्याला उकडा. मसाल्यांची तीच गत. देशावरच्या बाईला काळा मसाला लागतो, पुण्यातलीला गोडा, मालवणीला मालवणीच. एका भिंतीवर सगळ्यांची फडताळं मांडायची आणि कोणाचं काय संपलं हे कोणी सांगायच्या आत ओळखायचं, यात दुकानदाराचं निम्मं आयुष्य जातं.

हाउन्स्लोचा वडापाव ही आता बऱ्याच जणांना माहीत झालेली गोष्ट. मुंबईत एकाच कॉलेजात शिकलेले सुजय सोहनी आणि सुबोध जोशी. २००९च्या मंदीत लंडनमध्ये नोकरी गेली. २०१०मध्ये एका आइस्क्रीमच्या दुकानातला कोपरा भाड्याने घेऊन त्यांनी वडापाव विकायला सुरुवात केली. किंमत एक पौंड. हाउन्स्लो हीथ्रो विमानतळाच्या शेजारचं; भारतीयांची दाट वस्ती. पहिलं गिऱ्हाईक कोण असणार हे जागेनेच ठरवलं होतं.

दुसरं, म्हणजे परकं गिऱ्हाईक मात्र मिळवावं लागतं, आणि खरी मेख इथेच आहे. लखूभाई पाठक १९५०च्या दशकात केनियातून इंग्लंडला आले आणि घरच्या स्वयंपाकघरात समोसे-मिठाई करून आपल्या लोकांना विकू लागले. त्याच घराने पुढे बाटलीबंद मसाले आणि लोणची काढली, इंग्रजांच्या सुपरमार्केटात नेली, आणि २००७मध्ये ‘पटाक्स’ हा उद्योग एका बड्या ब्रिटिश कंपनीने विकत घेतला. सिल्हेटचे खलाशी बोटीवरून उतरून लंडनच्या गोदीभागात राहिले. त्यांच्यासाठी त्यांच्यातल्याच काहींनी चहा-जेवणाची दुकानं काढली. तीच पुढे इंग्रजांची लाडकी ‘करी हाउस’ झाली. तरी पूर्व लंडनच्या बांगलादेशी दुकानात गोठवलेली बंगाली मासळी आणि सातकरा हे लिंबाच्या जातीचं आंबट फळ आजही मिळतं. ते इंग्रज घेत नाही. सिल्हेटचा माणूस घेतो, आणि त्यासाठी सिल्हेटकडच्या कुणाच्या तरी बागेतून ते येतं.

हीच वाट बारामती-इंदापूरच्या शेतात येते.

नीरा डावा कालवा १८८०च्या दशकातला. त्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूरच्या एका पट्ट्यात ऊस आला, कारखाने आले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. कालव्याच्या वरच्या अंगाची जिरायती गावं मात्र टँकरचीच राहिली. इंदापूरच्या दुसऱ्या कडेला भीमा. १९८०मध्ये उजनी धरण पुरं झालं, जमिनी बुडाल्या, आणि बुडालेल्या जमिनींच्या काठावर पाणीच पाणी झालं. जिरायत भागात ठिबकवर डाळिंब उभं राहिलं. इंदापूर तालुक्यातलं बोरी द्राक्षांसाठी नावाजलं. उजनीच्या काठाने केळी पसरली. आणि ज्यांच्याकडे एकर-दीड एकरच आहे, अशा अनेकांनी भाजीपाला धरला. बाहेर जाणाऱ्या मालाची सवय या भागाला एका दिवसात लागलेली नाही. बारामतीत १९७१पासून ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आहे, त्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, डच सरकारच्या सहकार्याने उभं राहिलेलं भाजीपाल्याचं केंद्र आहे.

निर्यातीची भेंडी हे प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. पुण्याच्या मंडईत गुलटेकडीला जाणारी भेंडी आणि लंडनला जाणारी भेंडी एकाच बियाण्याची असू शकते. फरक तोडणीपासून सुरू होतो. उजाडता उजाडता बायका प्लॉटमध्ये शिरतात. हातात सुती मोजे, कारण भेंडीच्या लवेने हात खाजतात आणि बोटं दाबली गेली की भेंडीवर काळे डाग उमटतात. ते डाग सकाळी दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये दिसतात. बोटाएवढी, कोवळी, सरळ भेंडी तेवढी क्रेटमध्ये जाते. एक दिवस चुकला तर ती लांबते, जून होते आणि गावच्या बाजाराची होते. म्हणून तोडा रोजचा किंवा दिवसाआड. सुट्टी नाही, पाहुणा नाही, लग्नकार्य नाही. ऊन चढायच्या आत क्रेट सावलीत, तिथून पिकअपने पॅकहाऊसला. तिथे पुन्हा निवड, थंड खोली, छोट्या खोक्यांत भरणी, आणि रात्री मुंबईचं विमानतळ. ठरल्याप्रमाणे सगळं झालं तर काल सकाळी देठावर असलेली भेंडी आज लंडनच्या घाऊक बाजारात उतरते.

फवारणीचा पेच या रोजच्या तोड्यातूनच येतो. भेंडीवर पांढरी माशी येते, तुडतुडे येतात, अळी फळ पोखरते, केवडा पानं पिवळी करतो. औषध मारावं तर प्रत्येक औषधाला काढणीआधी काही दिवस थांबावं लागतं. आणि इथे तर उद्याच तोडा आहे. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग एवढीच मुभा असते. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. शेजाऱ्याच्या कपाशीवरून वाऱ्याने आलेला फवाराही एवढ्याला पुरतो. म्हणून चिकट सापळे, कामगंध सापळे, निंबोळी अर्क, आणि फवारणीची तारीखवार वही. भारतातून येणारी भेंडी आणि कढीपत्ता यांवर युरोपच्या बंदरांत विशेष पाळत असते. कढीपत्त्यालासुद्धा, जो भाजी घेतल्यावर आपल्याकडे फुकट मागितला जातो!

शेताची नोंदणी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ‘व्हेजनेट’ यंत्रणेत होते. खोक्यावरच्या नोंदीवरून लंडनच्या तपासनिसाला माल कुठल्या गावातल्या कुठल्या प्लॉटमधला हे कळतं. मान्यताप्राप्त पॅकहाऊस आणि पीक निरोगी असल्याचा सरकारी दाखला, म्हणजे निर्यातदारांच्या भाषेत ‘फायटो’, यांच्याशिवाय खोकं हलत नाही. २०१४च्या बंदीनंतर ही शिस्त जास्तच आवळली गेली. ज्यांना वहीचा कंटाळा होता ते गळाले. जे राहिले त्यांना मंडईतल्या रोजच्या चढउताराऐवजी बऱ्याचदा आधी ठरलेला दर मिळू लागला. मंडईत भाव कडाडला की हाच ठरलेला दर खुपायला लागतो, आणि तेव्हा काही जण थोडा माल गुपचूप पुण्याला पाठवतात, हेही खरं.

विमानाचं भाडं भेंडीच्या किमतीपेक्षा जड असतं. ते परवडतं कारण ही भाजी प्रवासी विमानांच्या पोटात जाते. वर पुण्या-मुंबईची माणसं मुलाकडे, मुलीकडे निघालेली असतात आणि त्यांच्याच पायाखाली त्या मुलाबाळांसाठी भेंडी चाललेली असते. हे नातं किती घट्ट आहे ते मार्च २०२०मध्ये कळलं. कोविडमुळे आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली, आणि भाज्यांचा रस्ता त्याच दिवशी आटला. मालवाहू विमानांचे दर भेंडीला झेपणारे नव्हते. तोडणीला आलेले प्लॉट उभेच राहिले. दुबईत त्याच काळात कामं गेलेले भारतीय मजूर अडकून पडले होते. त्यांच्यातल्या अनेकांच्या परतीच्या तिकिटांचा खर्च दातारांनी उचलला. गिऱ्हाईकच मायदेशी निघालं होतं आणि दुकानदार त्याचं तिकीट काढून देत होता.

केळ्याचं गणित याच्या अगदी उलट. केळं सगळ्यांचं फळ. आखातात ते मलयाळी खातो, पाकिस्तानी खातो, फिलिपिनो खातो आणि अरबही खातो. त्यामुळे ते विमानाने चिमूट-चिमूट जात नाही, वातानुकूलित कंटेनर भरून समुद्राने जातं. न्हावा शेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर चार-पाच दिवसांवर. पुढे अल अवीरचा घाऊक बाजार, आणि तिथून करामाच्या गल्लीतलं दुकान.

उजनीकाठच्या बागेत निर्यातीची तोडणी चालली असेल, तर आधी नजरेत भरतात घडांवर चढवलेल्या पिशव्या. ओरखडा नको, डाग नको. घड कापला की तो जमिनीला टेकवायचा नाही. फण्या सुट्या करून पाण्याच्या टाकीत सोडतात, देठाचा चीक धुऊन काढतात, तुरटीचं पाणी लावतात, मग तोलून साधारण तेरा किलोचं खोकं भरतात. खोक्यात किती फण्या बसल्या यावर त्याची प्रत. तापमान तेराच्या आसपास ठेवायचं: वर गेलं तर वाटेतच पिकायला लागतं, खाली गेलं तर साल करडी पडते आणि मग ते केळं कधीच धड पिवळं होत नाही. हिरवं गेलेलं केळं तिकडे गेल्यावर इथिलीन वायू देऊन पिकवतात.

जगातली सव्वीस टक्क्यांहून जास्त केळी भारतात पिकतात, आणि जगाच्या केळी-व्यापारात भारताचा वाटा जेमतेम एक टक्का. २०२२-२३मध्ये सुमारे साडेतीन लाख टन केळी बाहेर गेली, किंमत १७ कोटी ६० लाख डॉलर. नोव्हेंबर २०२३मध्ये अपेडाने बारामतीतून एक कंटेनर समुद्रमार्गे नेदरलँड्सला चाचणी म्हणून पाठवला. इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टा रिका यांनी भरलेल्या युरोपच्या बाजारात भारतीय केळं जहाजाने टिकून पोचतं का, ते बघायचं होतं. पोचलं. आणि नेमक्या त्याच महिन्यात तांबड्या समुद्रात हुथींचे जहाजांवर हल्ले सुरू झाले. डिसेंबरपासून मोठ्या कंपन्यांची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, आणि पिकणाऱ्या फळाला एवढे दिवस उसने आणता येत नाहीत. आखाताच्या वाटेत तांबडा समुद्र येत नाही. तेव्हा युरोपची कितीही भाषणं झाली, तरी इंदापूरच्या केळ्याला जवळचा आणि खात्रीचा बाजार दुबईचाच, हे निदान सध्यापुरतं तरी मानायला हवं.

आखाताचा बाजार नियमांना सैल आणि व्यवहाराला निसरडा. युरोपचं रसायनतपासणीचं जंजाळ तिथे तेवढं नाही, म्हणून नवा निर्यातदार तिथूनच सुरुवात करतो. अडचण पैशांची. ‘माल पाठवा, विकून पट्टी देतो’ असा रिवाज आहे. पट्टी येते तेव्हा कधी भाव पडलेला असतो, कधी सडक्या खोक्यांचे फोटो मोबाइलवर आलेले असतात. ते आपल्याच कंटेनरमधले की दुसऱ्या कुणाचे, हे बारामतीत बसून कसं ठरवणार? तिकडचा व्यापारी आपल्याच भाषेत बोलतो एवढ्यावर विसंबून माल सोडणारे बुडालेले आहेत. जाणते लोक निम्मी रक्कम आगाऊ घेतात, निर्यात पतविमा उतरवतात, किंवा सरळ बांधावर रोखीने निर्यातदार कंपनीला माल देऊन रात्री निवांत झोपतात. या शेवटच्यांना कोणी निर्यातदार म्हणत नाही. पोट मात्र त्यांचंही दुबईवरच चालतं.

टिकाऊ पदार्थांची तऱ्हा आणखी निराळी. बारामतीच्या त्याच ट्रस्टची भीमथडी जत्रा दर हिवाळ्यात पुण्यात भरते. तिथे बचतगटांच्या बायका काळा मसाला, भाजणी, पापड, चटण्या विकतात. डिसेंबर म्हणजे परदेशातली मंडळी सुट्टीवर घरी येण्याचा महिना. परतीच्या बॅगेतल्या तेवीस किलोंपैकी किती किलो मसाला, हा वाद पुण्यातल्या कित्येक घरांत दर जानेवारीत होतो. एका बॅगेतून गेलेला मसाला निर्यातीच्या कुठल्याच आकड्यात धरला जात नाही. पण तो संपला की व्हॉट्सॲपवर मागणी येते, कुरियरने पार्सल जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला पाकिटावर घटक, वजन, तारीख इंग्रजीत छापण्याचा प्रश्न उभा राहतो. अन्नसुरक्षा परवाना आणि आयात-निर्यात क्रमांक काढायचा की पुतण्याच्या बॅगेवर भागवायचं, याचा निर्णय त्या टप्प्यावर होतो. बहुतेक जणी पुतण्यावर भागवतात.

हे गिऱ्हाईक कायम असंच राहील का? लेस्टरमध्ये जन्मलेली नात कारलं खात नाही. ते तर पुण्यात जन्मलेलीही खात नाही. वेम्बलीच्या दुकानात आता भेंडी ताजीही असते आणि चिरून गोठवलेलीही, आणि नोकरी करणारी सून गोठवलेलीच उचलते. गोठवलेली भेंडी जहाजाने येते, स्वस्त पडते, आणि तिला उजाडता तोडा लागत असला तरी रात्रीचं विमान लागत नाही. दुसरीकडे जर्मनी, आयर्लंडमध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलांची नवी गर्दी आहे. कढीपत्ता, हिरवी मिरची आणि शेवगा कुठे मिळतो याची चौकशी ती पहिल्याच आठवड्यात करतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी राधाबाईंच्या दारात उभी असायची त्याच वयाची मुलं.

इंदापूरच्या केळीवाल्यांचं लक्ष मात्र सध्या दिनदर्शिकेकडे असतं. रमजानमध्ये आखातात फळांची मागणी चढते. उपवास सोडताना ताटात खजुराशेजारी केळं लागतंच. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि केळीला लावणीपासून तोडणीपर्यंत अकरा-बारा महिने लागतात. २०२६चा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला, २०२७चा दुसऱ्या आठवड्यातच येईल, त्याच्या पुढचा जानेवारीअखेरीस. त्या हिशेबाने रोपवाटिकेत ऊतीसंवर्धित रोपांची नोंदणी आधीच्या हिवाळ्यातच करावी लागते. त्याच हिवाळ्यात ऊस कारखान्याला जात असतो आणि तोडणी करणारी माणसं मिळत नाहीत.